युटा राज्याची धर्मगणना : नोंदवही आणि उत्तर

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भारतात जनगणनेचा कर्मचारी दारी येतो, कुटुंबप्रमुखाला धर्म विचारतो, मिळालेले उत्तर रकान्यात लिहितो आणि शेजारच्या दाराकडे वळतो. सगळ्या घराचा धर्म एका वाक्यात नोंदला जातो. २०११ च्या जनगणनेत या पद्धतीने देशातील जैनांची संख्या ४४,५१,७५३ भरली आणि त्यांपैकी १४,००,३४९ महाराष्ट्रात होते. या आकड्यांवर समाजाच्या सभांतून पुष्कळ चर्चा झाली, संख्या कमी का दिसते याविषयी तर्क झाले, रकान्यात ‘जैन’ असेच लिहावे म्हणून आवाहनेही झाली. सरकारने धर्म विचारावा की नाही, हा प्रश्न मात्र कोणाच्या मनात फारसा आला नसेल. सरकार विचारते, माणूस सांगतो, एवढे ते सरळ वाटते.

अमेरिकेत हा प्रश्न जनगणनेत नसतो. तेथे दर दहा वर्षांनी शिरगणती होते, वय, वंश, घर भाड्याचे की मालकीचे हे सर्व विचारले जाते, परंतु धर्माचा रकाना त्या कागदावर नाही. १९७६ च्या कायद्यानुसार कोणालाही आपला धर्म सांगण्याची सक्ती जनगणनेत करता येत नाही. पूर्वी तेथील जनगणना खाते १९०६ पासून १९३६ पर्यंत दर दहा वर्षांनी धर्मसंस्थांची स्वतंत्र गणना करीत असे, पण ती संस्थांकडून मागवलेल्या आकड्यांची होती. व्यक्तीला थेट विचारण्याचा प्रयोग मार्च १९५७ मध्ये सुमारे ३५,००० कुटुंबांपुरता झाला. उत्तर देणे ऐच्छिक होते. शंभरांतील छप्पन्न-सत्तावन्न नव्हे, तब्बल ९६ जणांनी आपला कोणता ना कोणता धर्म सांगितला. त्या यशानंतर १९६० च्या जनगणनेत हा प्रश्न घालावा असा विचार पुढे आला, तेव्हा ज्यू संघटनांनी त्यास विरोध केला. युरोपात सरकारी दप्तरातील धर्माच्या नोंदीचा उपयोग कशासाठी झाला, हे ज्यांनी नुकतेच भोगले होते त्यांचा तो विरोध होता. प्रश्न वगळण्यात आला, तो आजतागायत.

मग अमेरिकेतील एखाद्या राज्यात कोणत्या धर्माचे किती लोक आहेत, हे कळते कसे? दोन मार्ग उरतात. धर्मसंस्थांना त्यांच्या नोंदवहीतील नावे विचारणे, हा पहिला. काही हजार माणसे निवडून प्रत्येकाला स्वतंत्रपणे ‘आपण स्वतःला कोण समजता’ असे विचारणे, हा दुसरा. व्यापाऱ्याच्या भाषेत पहिला मार्ग म्हणजे पुस्तकी शिल्लक, तर दुसरा म्हणजे गोदामात जाऊन केलेली मोजदाद. कापडाच्या दुकानात वर्षअखेरीस या दोहोंत चार तागे इकडेतिकडे होतात. धर्माच्या बाबतीत ही तफावत किती मोठी असू शकते, ती कशाने पडते आणि तिच्या पोटात काय दडलेले असते, हे पाहण्यासाठी युटा राज्यासारखे दुसरे उदाहरण नाही.

युटा हे अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ, कोरड्या हवेचे राज्य. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३२,७१,६१६ होती, म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. यूट, पायूट, शोशोनी, नॅव्हाहो या मूळ रहिवाशांची ही भूमी. राज्याचे नावही यूट जमातीवरून आले. २४ जुलै १८४७ रोजी ब्रिगॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली एका नव्या पंथाचे लोक येथील खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यात उतरले. त्या पंथाचे पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. बाहेरचे जग त्यांना मॉर्मन म्हणून ओळखते, मात्र २०१८ मध्ये त्यांच्या प्रमुखांनी हे टोपणनाव वापरू नये असे सांगितले. बोलण्याच्या सोयीसाठी येथे ‘लॅटर-डे संत’ असा उल्लेख केला आहे. संत या शब्दाचा आपल्याकडील अर्थ तेथे अभिप्रेत नाही, पंथाचा प्रत्येक सभासद त्यांच्या भाषेत संतच असतो.

हा पंथ १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी स्थापन केला. मिसुरी राज्यातून त्या लोकांना १८३८ मध्ये राज्यपालाच्या हुकुमाने हाकलण्यात आले. इलिनॉयमध्ये ते स्थिरावतात न स्थिरावतात तोच १८४४ मध्ये तुरुंगात असलेल्या स्मिथ यांची जमावाने हत्या केली. म्हणून हे लोक बैलगाड्या जोडून पश्चिमेला निघाले आणि जेथे कोणी राहावयास तयार होणार नाही असे खोरे त्यांनी निवडले. कालवे खणून त्यांनी शेती केली, गावे वसवली. त्यांच्यातील बहुपत्नीत्वाच्या प्रथेमुळे युटाला राज्याचा दर्जा मिळण्यास पन्नास वर्षे लागली. १८९० मध्ये पंथाने नवे बहुपत्नीक विवाह थांबवीत असल्याचे जाहीर केले आणि ४ जानेवारी १८९६ रोजी युटा हे अमेरिकेचे पंचेचाळिसावे राज्य झाले. त्याच्या घटनेत बहुपत्नीत्वास कायमची बंदी आहे आणि धर्मसंस्था व राज्यसंस्था यांची फारकतही लिहिलेली आहे. हे लिहिणारे बहुतेक एकाच पंथाचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या कलमाची गंमत कळते.

आता त्यांच्या नोंदवहीकडे वळू. एवढी टापटिपीची सभासदवही जगातील फार थोड्या धर्मसंस्थांकडे असेल. ज्या वस्तीत घर, त्या वस्तीच्या ‘वॉर्डा’त त्या कुटुंबाचे नाव, आवडीनुसार दुसरे मंदिर निवडण्याची सोय नाही. वॉर्डाचा प्रमुख बिशप. तो पगारी धर्मगुरू नसतो. आठवडाभर तो दात काढतो, विमा विकतो वा शाळेत शिकवतो आणि रविवारी चारशे-पाचशे माणसांचा भार वाहतो. साधारण पाच वर्षांनी ही जबाबदारी दुसऱ्याकडे जाते. त्याच्या हाताखाली एक कारकून असतो, तोही बिनपगारी. मूल जन्मले की आशीर्वादाच्या विधीनंतर त्याचे नाव वहीत चढते, आठव्या वर्षी दीक्षास्नान होते, घर बदलले की नोंद नव्या वॉर्डाकडे रवाना होते. मिळकतीचा दशांश पंथाला द्यावयाचा असतो आणि वर्षअखेरीस कुटुंबाने बिशपसमोर बसून ‘पूर्ण दिला’ किंवा ‘पूर्ण दिला नाही’ असे सांगावयाचे असते. कीर्द तपासली जात नाही, शब्द ग्राह्य धरला जातो. ट्रस्टच्या कोषाध्यक्षांना या व्यवस्थेचा थोडा हेवा वाटला तर आश्चर्य नाही.

श्रोत्यांपैकी अनेकांना त्यांच्या आचाराविषयीही कुतूहल वाटेल. मद्य आणि तंबाखू वर्ज्य, शिवाय चहा आणि कॉफीही वर्ज्य. १८३३ च्या त्यांच्या आहारविषयक उपदेशात मांस जपून, हिवाळ्यात किंवा दुष्काळात वापरावे असेही आहे, परंतु या भागाकडे बहुसंख्य सभासद फारसे लक्ष देत नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपवास असतो. दोन वेळचे अन्न आणि पाणीदेखील सोडावयाचे आणि त्या दोन जेवणांची किंमत, शक्य असल्यास तिच्याहून अधिक रक्कम, गरजूंसाठी बिशपकडे द्यावयाची. उपवासाचे पैशांत मोल करून ते त्याच दिवशी दुसऱ्याच्या ताटात घालण्याची ही रीत पर्युषणातील उपवासांशी तुलना करण्याजोगी आहे. आत्मशुद्धीच्या हेतूत दोहोंत मोठा भेद आहे, तो येथे उकलण्याचे प्रयोजन नाही.

या वहीप्रमाणे युटातील सभासद अलीकडच्या वर्षांत एकवीस ते बावीस लाख आहेत. लोकसंख्येशी प्रमाण लावले तर ते साठ ते पासष्ट टक्क्यांच्या आसपास येते. सॉल्ट लेक परगण्यात, म्हणजे राजधानीच्या भागात, हे प्रमाण निम्म्याखाली गेल्याचे २०१८ मध्ये तेथील वृत्तपत्राने प्रसिद्ध केले, तेव्हा साऱ्या अमेरिकेत त्याची चर्चा झाली. ज्या शहराच्या मध्यभागी पंथाचे मुख्य मंदिर आहे आणि जेथील रस्त्यांचे क्रमांक त्या मंदिरापासून मोजले जातात, तेथेच पंथ अल्पमतात आला होता.

मोजदादीचा दुसरा मार्ग वेगळे सांगतो. प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने २००७, २०१४ आणि २०२३-२४ अशी तीन मोठी सर्वेक्षणे केली. दरवेळी देशभरातील पस्तीस हजारांहून अधिक प्रौढांना त्यांचा धर्म विचारला गेला. युटात स्वतःला लॅटर-डे संत म्हणवणारे २००७ मध्ये ५८ टक्के होते, २०१४ मध्ये ५५ टक्के आणि २०२३-२४ मध्ये ५० टक्के. याच काळात ‘कोणत्याही धर्माशी संबंध नाही’ असे सांगणारे १६ टक्क्यांवरून २२ आणि २२ वरून ३४ टक्क्यांवर गेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात तर स्वतःला त्या पंथाचे म्हणवणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्केच निघाले. वही पासष्टपर्यंत जाते, एक मोजदाद पन्नास सांगते, दुसरी बेचाळीस.

अशा वेळी कोणी तरी लबाडी करीत असावे अशी शंका पटकन येते. तसे मानण्याचे कारण नाही. सर्वेक्षणात प्रौढांनाच विचारले जाते, वहीत मुलेही असतात, आणि या पंथाच्या घरांत मुले इतरांपेक्षा अधिक. तफावतीचा एक हिस्सा इतक्यानेच मिटतो. सर्वेक्षणात एका राज्याच्या वाट्याला काही शे माणसेच येतात, त्यामुळे चार-पाच टक्क्यांचा फरक नमुन्याच्या आकाराचाही असू शकतो. पन्नास आणि बेचाळीस यांतील अंतर पाहताना हे विसरू नये. परंतु एवढे वजा करूनही जो फरक राहतो, तो माणसांचा आहे. वहीत ज्याचे नाव आहे पण जो स्वतःला त्या पंथाचा म्हणवीत नाही, असा माणूस. तो अनेक वर्षे सभेला आलेला नसतो. तो सकाळी कॉफी पितो. नाव काढून घ्यावयाचे तर लेखी अर्ज करावा लागतो, आणि तो बहुतेक करीत नाहीत. काही आळसाने करीत नाहीत, पुष्कळजण आईला काय वाटेल म्हणून करीत नाहीत. पंथही आपण होऊन नाव खोडत नाही. सभासदाचा ठावठिकाणा हरवला आणि मृत्यूची वार्ता कळली नाही, तर वयाची ११० वर्षे होईपर्यंत त्याची गणना चालू राहते. व्यापारात तीन वर्षे येणे आले नाही की ते बुडीत खाती टाकण्याचा विचार होतो. येथे एकशे दहा वर्षे खाते उघडे असते.

याच्या उलट टोकाला तिसरी एक गणना आहे, तिचे आकडे पंथ बाहेर देत नाही. त्यांच्या साध्या प्रार्थनागृहात कोणीही जाऊ शकतो, पण मंदिरात प्रवेशासाठी पत्र लागते. बिशप आणि त्याच्यावरचा अधिकारी स्वतंत्रपणे मुलाखत घेतात, दशांश, आहार, वर्तन यांविषयी विचारतात आणि मग दोन वर्षांचे पत्र मिळते. तेव्हा वहीत असलेला, स्वतःला सभासद म्हणवणारा आणि पत्र बाळगणारा, अशी तीन वर्तुळे एकात एक बसतात. ‘युटात या पंथाचे किती लोक’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. कोणते वर्तुळ विचारता, यावर ते ठरते.

उरलेले कोण? युटा कधीच एकाच पंथाचे नव्हते. १० मे १८६९ रोजी याच राज्यातील प्रोमोंटरी येथे पूर्व आणि पश्चिमेकडून आलेले रेल्वेमार्ग जुळले, आणि त्यापाठोपाठ खाणीत काम करणारे आयरिश, इटालियन, ग्रीक आले. सॉल्ट लेक सिटीत ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च १९०५ मध्ये उभे राहिले, कॅथलिकांचे मॅडेलिन कॅथीड्रल १९०९ मध्ये. रेल्वे येणार, बाहेरचे व्यापारी येणार, हे ओळखून ब्रिगॅम यंग यांनी १८६८ मध्येच पंथीयांची सहकारी पेढी काढली होती. तिचे नाव ‘झायन्स को-ऑपरेटिव्ह मर्कंटाइल इन्स्टिट्यूशन’. कापड, जोडे, किराणा, अवजारे सर्व काही तेथे मिळे आणि पंथीयांनी तेथेच खरेदी करावी असा आदेश होता. परपंथीय दुकानदारांचा धंदा बसला. आउरबाख बंधूंसारखे ज्यू कापडव्यापारी मात्र टिकून राहिले. भाव आणि माल चांगला असेल तर गिऱ्हाईक मागच्या दाराने का होईना येते, हा अनुभव सर्व देशांत सारखाच असावा. ती पेढी पंथाने १९९९ मध्ये विकली. तिच्या जुन्या इमारतीचा ओतीव लोखंडाचा दर्शनी भाग नव्या बाजारसंकुलाच्या तोंडाशी आजही जपलेला आहे.

त्या काळच्या युटात पंथाबाहेरच्या प्रत्येकाला ‘जेंटाइल’ म्हणत. हा शब्द मुळात ज्यूंनी ज्यूंखेरीज इतरांसाठी वापरलेला. युटा हे जगातले बहुधा एकच ठिकाण असेल, जेथे ज्यू माणूसही जेंटाइल ठरत असे. अशाच एका ‘जेंटाइल’ ज्यू गृहस्थाला, सायमन बॅम्बर्गर यांना, १९१६ मध्ये युटाच्या मतदारांनी राज्यपाल म्हणून निवडून दिले. लॅटर-डे संतांचे तेव्हा स्पष्ट बहुमत होते, आणि तरीही या राज्याचा पंथाबाहेरचा पहिला राज्यपाल ज्यू झाला. टक्केवारीच्या कोष्टकात अशा गोष्टी दिसत नाहीत.

जैन श्रोत्यांना शिकागोची १८९३ ची सर्वधर्मपरिषद वीरचंद राघवजी गांधी यांच्यामुळे परिचित आहे. सात समुद्रांपलीकडून आलेल्या जैन प्रतिनिधीला त्या व्यासपीठावर सन्मानाने बोलावयास मिळाले. त्याच परिषदेत अमेरिकेच्याच मातीत जन्मलेल्या या पंथाला प्रथम निमंत्रण नव्हते. त्यांचे प्रतिनिधी बी. एच. रॉबर्ट्स यांनी आग्रह धरला तेव्हा मुख्य सभागृहाऐवजी एका लहान दालनात बोलण्याची मुभा देण्यात आली, आणि त्यांनी ती नाकारली. विशेष म्हणजे त्याच सप्टेंबरात याच पंथाच्या गायकवृंदाने शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातील स्पर्धेत दुसरे पारितोषिक पटकावले होते. त्यांचे गाणे चालत होते, बोलणे चालत नव्हते.

आजच्या युटात भारतीयही आहेत. संगणकव्यवसायामुळे गेल्या पंचवीस वर्षांत त्यांची वस्ती वाढली. स्पॅनिश फोर्क या गावी राधाकृष्णाचे मोठे मंदिर आहे. ते उभारताना लॅटर-डे संतांच्या चर्चने आर्थिक साहाय्य केले आणि तेथील रंगोत्सवाला जी तरुण मुले हजारोंनी लोटतात, त्यांतली बहुतेक शेजारच्या ब्रिगॅम यंग विद्यापीठातील, म्हणजे त्याच पंथाची असतात. जैनांचे काय? प्यूच्या राज्यवार कोष्टकात जैन ही स्वतंत्र ओळ नाही. शीख, बहाई, ताओ यांच्यासमवेत ‘इतर जागतिक धर्म’ या एका ओळीत जैन मोडतात आणि त्या ओळीपुढे ‘एक टक्क्याहून कमी’ असे लिहिलेले असते. काही शे माणसांच्या नमुन्यात एखादे जैन घर आले तर आले. जे ओळीत नाहीत ते नाहीत असे नव्हे, एवढे कोष्टक वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे. भारतातील शिरगणतीत जैनांना स्वतःचा रकाना आहे, हे सुदैव अशा वेळी जाणवते.

आणि ते ३४ टक्के? त्यांना सरसकट नास्तिक समजणे चुकीचे ठरेल. या गटात ‘नास्तिक’, ‘अज्ञेयवादी’ आणि ‘विशेष काही नाही’ अशी तीन उत्तरे एकत्र केलेली असतात आणि देशभरात त्यांतील सर्वांत मोठा वाटा तिसऱ्या उत्तराचा असतो. काहीजण बाहेरच्या राज्यांतून नोकरीसाठी आलेले, त्यांचा या पंथाशी कधीच संबंध नव्हता. पण पुष्कळजण याच वॉर्डांत वाढलेले आहेत. भारताच्या २०११ च्या जनगणनेत ‘धर्म सांगितला नाही’ या रकान्यात सुमारे २८ लाख ६७ हजार, म्हणजे पाव टक्काही लोक नव्हते. या दोन आकड्यांची सरळ तुलना करता येणार नाही. भारतात घराच्या वतीने वडील उत्तर देतात; युटात पंचवीस वर्षांच्या मुलाला स्वतंत्रपणे विचारले जाते आणि त्याचे उत्तर वडिलांना ऐकू जात नाही. भारतातल्या घराघरांतील पंचविशीच्या मुलांना असेच एकेकटे गाठून विचारले तर काय उत्तर येईल, याचा अंदाज प्रत्येकाने आपापल्या घरापुरता करावा.

समजा, प्रोव्हो गावचा असा एक मुलगा नोकरीसाठी सॉल्ट लेक सिटीत राहावयास आला. सर्वेक्षणाला त्याने ‘विशेष काही नाही’ असे उत्तर दिले. नवा पत्ता त्याने आपल्या वॉर्डाला कळवलेला नाही. पण त्याची आई तो कळवते. अनेक घरांत असे घडते. कारकून नोंद पुढे पाठवतो. महिनाभराने एका रविवारी संध्याकाळी दारावर थाप पडते. बाहेर दोन अनोळखी माणसे उभी असतात, त्यांना त्याचे नाव ठाऊक असते आणि एकाच्या हातात घरी भाजलेला पाव असतो.